वीस किलोमीटर उंचीवरची रेंज

सातपुड्यात मोबाइलचे टॉवर उभे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे दुर्गम भागात इंटरनेट न्यायचं म्हटलं की मला आधी डिझेल आठवतं. लोखंड एकदाचं चढतं हो, पण पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर लागतो आणि डिझेलचे कॅन घेऊन निघालेली जीप घाटातच रुतून बसते. म्हणून टॉवरच आभाळात सोडायचा, ही गूगलची कल्पना आम्हा टॉवरवाल्यांना फारच भावली.

‘प्रोजेक्ट लून’ हे तिचं नाव. जून २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पहिली चाचणी झाली. टेनिस कोर्टाएवढा पॉलिथिनचा फुगा, त्याखाली सोलर पॅनेल, बॅटऱ्या आणि अँटेना. प्रवासी विमानांच्या साधारण दुप्पट, म्हणजे २० किलोमीटर उंचीवर तो तरंगायचा. जमिनीवरच्या केंद्रातून सिग्नल एका फुग्याला मिळायचा, तो पुढच्याला द्यायचा आणि खालच्या माणसाच्या साध्या ४जी फोनवर रेंज यायची.

इंजिन नसलेला फुगा हव्या त्या जागी ठेवायचा कसा? त्या उंचीवर वाऱ्याचे थर असतात आणि प्रत्येक थराची दिशा वेगळी. फुग्याच्या पोटातल्या कप्प्यात पंपाने बाहेरची हवा भरली की तो जड होऊन खाली यायचा, हवा सोडली की वर जायचा. पूर्वेला जायचंय? मग पूर्वेकडे वाहणारा थर गाठायचा. पुढे हे निर्णय स्वतःच शिकणाऱ्या संगणकावर सोपवले. त्यावरचा शोधनिबंध डिसेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एक फुगा तर ३१२ दिवस वर राहिला. आमच्या टॉवरवरची बॅटरी चोरीला न जाता इतके दिवस टिकली असती, तर आम्ही पेढे वाटले असते.

२०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिकोतले टॉवर झोपवले, तेव्हा नेवाडातून सोडलेल्या फुग्यांनी तिथे लाखाहून जास्त लोकांना जोडून दिलं. जुलै २०२० मध्ये टेलकॉम केनियाबरोबर रीतसर सेवा सुरू झाली. सुमारे ३५ फुगे आणि ५०,००० चौरस किलोमीटर प्रदेश, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास सहावा हिस्सा.

आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. धंदा टिकेल इतका खर्च खाली आणता आला नाही, असं तिनेच सांगितलं. फुगा काही महिन्यांत उतरवावा लागतो, मग दुसरा सोडा. टॉवर एकदा उभा राहिला की वर्षानुवर्षं हलत नाही. शिवाय जिथे लोकवस्ती होती, तिथे तोवर टॉवर पोचत चालले होते. उरले ते विरळ वस्तीचे, हाती पैसा नसलेले लोक.

त्यांच्याबद्दल मला थोडंफार ठाऊक आहे. अक्राणीतल्या एका पाड्याजवळचा टॉवर सुरू झाला, त्या संध्याकाळी सगळे जमले होते. बहुतेकांच्या खिशात बटणाचे मोबाइल. इंटरनेट चालू झालं ते सुरतेहून आलेल्या एकाच पोराच्या फोनवर. बाकीच्यांना आमचं ४जी काय कामाचं? हँडसेट आणि महिन्याचं रिचार्ज, हे दोन खर्च फुगा कितीही उंच नेला तरी खालच्या माणसाच्याच डोक्यावर राहतात.

लूनचं एक बाळ मात्र जगलं. फुग्याफुग्यांत प्रकाशकिरणाने संदेश पाठवण्याचं तंत्र ‘तारा’ प्रकल्पाने जमिनीवर आणलं. ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पण केबल ४०० किलोमीटरहून लांबचा वळसा घेऊन जायची आणि किन्शासात इंटरनेट पाचपट महाग पडायचं. २०२१ मध्ये दोन्ही काठांवर एकेक यंत्र बसवून ४.८ किलोमीटरचं हे पात्र किरणाने ओलांडलं.