पाठीला माती न लागलेला पैलवान: 'अपराजित' या शब्दाचं वजन किती?



आपल्या सीमाभागात जत्रा म्हटली की शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड आलाच. भालकी-औराद असो, हुमनाबाद-बसवकल्याण असो की आळंदकडचं एखादं गाव. नारळावरच्या कुस्त्या संपतात, मोठ्या जोडी मैदानात उतरतात, हलगी कडाडते आणि पुकारणारा ओरडतो, "याच्या पाठीला अजून माती लागलेली नाही!" टाळ्या-शिट्या त्या एका वाक्याला पडतात.

त्याच वाक्याची दुसरी बाजूही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एखादं चांगलं पोरगं पहिल्यांदा चीतपट होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तालमीत येणंच सोडतं. घरातलेही म्हणतात, "नाव गेलं." म्हणून आज हा विषय घेतला आहे. कधीच न हरणं ही गोष्ट खरोखर किती मोठी?

या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त वाद होतो तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये. तिथल्या खेळाडूची ओळखच आकड्यांनी होते. '१२-०' म्हणजे बारा जिंकल्या, हार एकही नाही. त्या शून्याला तिथे फार जपतात. का जपतात, ते आधी समजून घेऊ.

जोड कोण लावतो?

ऑलिंपिक किंवा शालेय स्पर्धेत चिठ्ठ्या पडतात. समोर कोण येईल हे आपल्या हातात नसतं. आज जिंकलात तर उद्या आणखी तगडा गडी पुढे उभा. अशा स्पर्धेत मोठमोठे हरतात. विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला कांस्यपदक मिळवलं. तो उपांत्य फेरीत हरला होता, पण आज लोकांना त्याचं पदकच आठवतं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र लढत ठरवून लावली जाते. आयोजक, व्यवस्थापक आणि पैसा लावणारे मिळून प्रतिस्पर्धी निवडतात. नवा होतकरू खेळाडू असेल तर सुरुवातीला त्याला झेपतील असेच गडी देतात. त्यात गैर काही नाही, आपले वस्तादही नवख्या पोराला एकदम काट्याची जोड देत नाहीत. पण शून्य टिकलं तर तिकिटं खपतात आणि मानधन वाढतं. मग ते टिकवण्यासाठीच प्रतिस्पर्धी निवडायचा मोह होतो. इनामाची रक्कम आधी ठरवून, पोस्टर छापून लावलेल्या आपल्या जंगी कुस्त्याही याच वाटेवरच्या आहेत.

गोव्यात काय झालं?

विजेंदर २०१५ साली व्यावसायिक झाला. २०१९ अखेरपर्यंत बारापैकी बाराही लढती त्याने जिंकल्या. मग मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर त्याची लढत झाली. समोर होता रशियाचा आर्तिश लोपसान. हा गडी नावाजलेला नव्हता आणि त्याच्या नावावर आधीच एक पराभव होता. पाचव्या फेरीत विजेंदर हरला. हरलेल्याने न हरलेल्याला हरवलं!

मग विजेंदर संपला का? नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला तो पुन्हा उतरला. घानाचा एलियासू सुले तोवर अपराजित होता. त्याला विजेंदरने दुसऱ्याच फेरीत हरवलं. म्हणजे दोन्ही वेळा शून्यवाला हरला.

मग शून्याला किंमतच नाही का?

आहे, पण समोर कोण होतं ते पाहून. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला, ४९ जिंकला आणि १९५६ साली जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदरने २०१७ मध्ये पन्नासावा विजय मिळवून तो आकडा ओलांडला. पण त्या पन्नासाव्या लढतीतला प्रतिस्पर्धी कॉनर मॅकग्रेगर हा दुसऱ्याच खेळातला. व्यावसायिक बॉक्सिंगमधली त्याची ती पहिलीच लढत. मेवेदरने त्याआधी मोठमोठ्यांना हरवलं होतं, हे खरं. तरी ४९ चे ५० झाल्याने त्याच्या मोठेपणात काय भर पडली?

आपल्या मातीतलं उदाहरण गामा पैलवानाचं. त्यांना अजिंक्य म्हणतात ते समोरच्यांच्या नावांमुळे. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्यांच्यासमोर अडीच तासांहून अधिक वेळ टिकला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला गामांनी त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं.

याउलट शुगर रे रॉबिन्सन. बॉक्सिंगच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ म्हणून अनेक जाणकार त्याचंच नाव घेतात, आणि तो अपराजित नाही. सलग ४० विजयांनंतर १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाने त्याला हरवलं. तीनच आठवड्यांनी, त्याच डेट्रॉइट शहरात रॉबिन्सन पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघांच्या सहा लढती झाल्या, त्यातल्या पाच रॉबिन्सनच्या.

आपल्या शेजारची गोष्ट

आपल्या बीदर जिल्ह्याला लागून असलेल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आपल्याकडच्या जुन्या मंडळींना चांगलेच ठाऊक आहेत. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालना अस्मान दाखवलं. ती कुस्ती आजही सांगितली जाते, कारण समोर सतपाल होते.

आणि सतपाल? ते आखाड्यातच राहिले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे गुरू म्हणून त्यांनी सुशील कुमारसारखा ऑलिंपिक पदकविजेता घडवला. बेळगावला पाठ लागली म्हणून ते घरी बसले असते, तर यातलं काहीच घडलं नसतं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण मिळवणारा जपानचा इशी आणि रौप्य मिळवणारा सोव्हिएत मल्ल, दोघांकडूनही खाशाबा हरले होते. सात दशकं उलटली तरी कुणी ते हरल्याचं सांगत नाही.

आपण काय करावं?

आमचं म्हणणं एवढंच. 'किती हरला?' हा प्रश्न अपुरा आहे. कुणाशी लढला आणि हरल्यावर काय केलं, हेही विचारावं.

पालकांना विनंती, की पोरगं हरून आलं तर त्या रात्री नाव गेल्याची भाषा नको. खुराक तोच ठेवा आणि सकाळी तालमीत धाडा. इनाम देणाऱ्यांनी आपल्या गावच्या पैलवानाचं नाव राखायला हलकी जोड मागू नये. त्याने पैलवानाचंच नुकसान होतं, कारण पुढे कधीतरी खरी जोड समोर येतेच.

आणि पुकारणाऱ्या मंडळींना एक सूचना. येत्या जत्रेत "याच्या पाठीला माती लागलेली नाही" म्हणालात तर जरूर म्हणा. पण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराबद्दलही सांगा, "हा गेल्या साली याच फडात हरला होता, वर्षभर मेहनत करून पुन्हा आलाय." टाळ्या त्यालाही पडू द्या.