‘मी’ म्हणजे कोण? आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानातील आत्मविचार

‘मी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु त्याने नेमका कशाचा निर्देश होतो? सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय तत्त्वज्ञांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली.

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या चिंतनात सर्वच गोष्टींविषयी संशय घेऊन पाहिला. इंद्रिये फसवू शकतात, जग स्वप्नवत असू शकते. पण संशय घेणारा कोणीतरी आहे, हे नाकारता येत नाही. यावरून त्यांनी शरीराहून भिन्न असे विचारशील आत्मद्रव्य मानले.

इंग्लंडमध्ये जॉन लॉक यांनी विचारले : कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून? हे ऐक्य द्रव्यामुळे नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यामुळे असते आणि कृत्याची जबाबदारीही त्यावरच आधारलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

स्कॉटिश विचारवंत डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ साली त्याही पुढचे पाऊल टाकले. अंतर्मुख होऊन पाहता सुख, दुःख, प्रेम, द्वेष असे क्षणिक अनुभवच आढळतात. त्यांमागचा स्थिर ‘मी’ सापडत नाही. मग हे अनुभव एकत्र कशाने गुंफले जातात? आपले उत्तर अपुरे असल्याचे त्यांनी पुढच्याच वर्षी प्रांजळपणे मान्य केले. १७८१ साली इमॅन्युएल कान्ट यांनी दाखविले, की जाणिवेचे ऐक्य ही अनुभवाची पूर्वअट आहे. मात्र तेवढ्याने आत्मा नावाची वस्तू सिद्ध होत नाही.

ह्यूम वाचताना बौद्ध वाचकाला पंचस्कंधांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तरी दोन्ही विचारांचे प्रयोजन वेगळे आहे. ह्यूम मानवी ज्ञानाचे स्वरूप शोधत होते; तथागतांचा उपदेश दुःखमुक्तीसाठी होता.

येथे एक गंभीर शंका उद्भवते. स्थिर आत्मा नसेल, तर कर्माचे उत्तरदायित्व कोणाचे? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदंत नागसेनांनी रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे. तरीही त्या परस्परांहून तुटलेल्या नाहीत. कार्यकारणाचा प्रवाह अखंड असतो, म्हणून उत्तरदायित्वही टिकते.

या विचाराचे सामाजिक मोल मोठे आहे. माणसाचे स्वरूप जन्मानेच कायमचे ठरते, या समजुतीला त्यात आधार उरत नाही. जे घडत असते, तेच घडविता येते. शिक्षणावरील आपली श्रद्धा याच सत्यावर उभी आहे.