मे महिन्यातलं माथेरान, जुलैतलं माथेरान



आपण नेरळच्या बाया माथेरानच्या पायथ्याशी राहतो, पण वर जायचं ते पाहुणे आले तर. गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बारा जणी मात्र दोनदा जाऊन आलो. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत, दोन्ही वेळा शनिवार-रविवार धरून. त्या दोन फेऱ्यांनी आमचा एक मोठा निर्णय बदलला, तो आज सांगायचा आहे.

मे महिन्यात गेलो ते धंद्याची जागा पाहायला. कोकम सरबत, नाचणीचे पापड, चिक्की घेऊन वर टपरी टाकायची आणि त्यासाठी बँकेकडून एक लाखाचं कर्ज काढायचं, असं बैठकीत जवळजवळ ठरलं होतं. खाली नेरळला अंगाची लाही होत होती. वर सावली आणि गार वारा. याचं कारण उंची. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते, आणि माथेरान सुमारे 800 मीटरवर आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे चढून आले, तेव्हापासून मुंबईची माणसं उन्हाळ्यात वर येतात. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली आणि गर्दी वाढली.

ती गर्दी आम्ही डोळ्यांनी पाहिली. एका सरबतवालीजवळ बसून तासाभरात गेलेले ग्लास मोजले, साठ भरले. बोटांवर हिशोब केला, वर्षात कर्ज फिटलं! आमच्यातल्या एक आजी तरुणपणी डोक्यावर जांभळं-करवंदं घेऊन डोंगर चढायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पावसात बघा आधी. मग सही करा."

म्हणून जुलैत पुन्हा निघालो. छोटी गाडी नेरळहून बंद होती. पावसात घाटात माती आणि दरडी रुळांवर येतात. 2005 च्या जुलैत तर रूळच वाहून गेले होते, ती गाडी 2007 मध्ये पुन्हा धावली. पावसाळ्यात गाडी फक्त वरच्या वर, अमन लॉज ते माथेरान चालते. आम्ही टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्याच्या पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे, म्हणजे माल तिथून पुढे न्यायचा खर्च वेगळा. मे महिन्यात हा खर्च आम्ही धरलाच नव्हता. लाल चिखलात पाय रुतायला लागल्यावर तो आठवला.

वर धुकं इतकं, की पुढची बाई दिसेना. माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पुढे, समुद्राच्या बाजूला सुटा उभा आहे. समुद्रावरून आलेला ओला वारा त्याला धडकून वर चढतो, गार होतो आणि तिथेच कोसळतो. गुळाला आणि मिठाला ही ओल ओढायची सवय. सोबत नेलेली चिक्की रविवारी हाताला चिकटायला लागली, पापड मऊ पडले. सरबत कुणी विचारलं नाही. भिजून आलेल्या माणसांना चहा हवा होता, भजी आणि भाजलेलं कणीस हवं होतं.

शनिवार-रविवारी गर्दी मात्र होती. आम्ही रविवारी संध्याकाळी परतणार होतो, पण आजींनी थांबवलं. सोमवारी सकाळी बाजारात गेलो तर निम्मी दुकानं बंद, रस्त्यावर माकडं आणि आम्ही. पावसाळ्यातले बरेच लोक सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे. आठवड्याचे पाच दिवस टपरीवर माश्या मारायच्या आणि हप्ता तर दर महिन्याला भरायचा. हप्त्याला उन्हाळा-पावसाळा नसतो, मैत्रिणींनो.

घरी येऊन वही पुन्हा उघडली. काही जणी नाराज झाल्या, दोघी तर एक बैठक आल्याच नाहीत. शेवटी लाखाऐवजी चाळीस हजार घेतले. दिवाळी ते मे वर सरबत आणि चिक्की विकतो. जूनपासून वरची टपरी बंद. त्या दिवसांत शनिवार-रविवारी नेरळलाच, टॅक्सी सुटतात तिथे चहा आणि कणसं विकतो. माल चढवायचा खर्च नाही. कमाईच्या महिन्यांत पावसाळ्याचे चार हप्ते बाजूला टाकतो. अजून एकही हप्ता चुकलेला नाही.

तुमच्या गटाला देवस्थानाजवळ, धरणावर, समुद्रकाठी कुठेही धंदा टाकायचा असेल, तर आधी ती जागा दोन ऋतूंत पाहा. गर्दीच्या दिवशी जा, तसं आडवारीही जा. माल तिथपर्यंत कसा पोचतो आणि तिथल्या हवेत किती दिवस टिकतो, ते चार पुडे सोबत नेऊन बघा. जागेची परवानगी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. आणि जुन्या काळी तिथे टोपली घेऊन जाणारी एखादी आजी गावात असेल, तर तिला बैठकीला बोलवा. आमचे साठ हजार तिनेच वाचवले.