चाकणच्या रस्त्यावरचा जुना वड ‘हेरिटेज’ ठरतो का? कायदा काय सांगतो?

चिंचवड या नावात चिंचही आहे आणि वडही. जवळच पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख आणि आळंदीच्या वाटेवर वडमुखवाडी. कारखाने येण्याआधी या पट्ट्याची ओळख काय होती, ते गावांची नावंच सांगतात.

आज ओळख आहे ती ट्रॅफिकची. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. चाकणच्या कोंडीत रोज अडकणाऱ्यांना रस्ता हवाच आहे. पण कुठलाही रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिला प्रश्न कडेच्या जुन्या झाडांचा येतो.

ही झाडं लावली कुणी?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सावलीसाठी झाडं लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. वाटसरूंना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचं सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात नोंदवलं आहे. बैलगाडीच्या काळात सावली म्हणजे सोयच होती. बैल सोडायचे, भाकरी खायची, ऊन उतरलं की पुढे निघायचं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही हा विषय आहे. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नका, असं ते बजावतात. कारण ही झाडं वाढायला फार काळ लागतो.

मग ‘हेरिटेज’ कशाला म्हणायचं?

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त अंदाजित वय असलेल्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणायचं ठरलं. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, हा नियमही त्याच दुरुस्तीतला. म्हणजे ८० वर्षांचा वड गेला, तर ८० झाडं.

हिशेब चोख वाटतो, पण यात एक अडचण आहे. जुन्या खोडातल्या ढोलीत पिंगळे आणि पोपट राहतात. वडाची फळं वेगवेगळ्या वेळी पिकतात, त्यामुळे इतर झाडांवर काही नसतानाही पाखरांना खायला मिळतं. सहा-आठ फुटांच्या रोपाला ना ढोली असते, ना सावली. ८० रोपं लावली तरी ८० वर्षं वाट पाहावीच लागते.

हद्द बदलली की कायदाही बदलतो

१९७५ चा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. त्याबाहेरच्या ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्यात साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ अशा ठरावीक जातींची यादी आहे. झाड कोणत्या जातीचं आहे एवढंच तिथे पाहिलं जातं, त्याचं वय विचारलं जात नाही.

चाकण परिसरात नगरपरिषद, ग्रामपंचायती, एमआयडीसी आणि हायवे या सगळ्यांच्या हद्दी एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे कुठल्याही झाडाबद्दल पहिला प्रश्न हाच: ते नेमकं कुणाच्या हद्दीत उभं आहे?

देहूची नांदुरकी आणि आळंदीचा अजानवृक्ष यांना कुणी हात लावणार नाही, कारण त्यांची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. रस्त्याकडेच्या वडाचं तसं नसतं. त्याची कथा लिहिलेलीच नसते.

नोंद कशी होते?

जिवंत झाडाचं वय काढण्यासाठी बुंध्याचा घेर मोजतात, साधारण छातीच्या उंचीला. त्याला जुने फोटो, जुने नकाशे आणि गावातल्या ज्येष्ठांच्या आठवणींची जोड मिळाली की अंदाज पक्का होतो.

शहरात महापालिकेच्या वृक्षगणनेत अशी नोंद होते. तोडण्याचा प्रस्ताव आला तर झाडावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. गावात ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत जुनं झाड लिहून घेता येतं.

अशा नोंदीतून मोठं संरक्षणही मिळू शकतं. १८७३ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये राज्य सरकारने ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर केलं. सुमारे ३३ हेक्टरची ही जागा पिंपरी-चिंचवडपासून फार लांब नाही.

रस्त्याचा आराखडा ठरायच्या आधी झाड कागदावर असेल, तर रस्ता थोडा वळवण्याचा विचार तरी होऊ शकतो. नंतर उरतो तो फक्त भरपाईच्या रोपांचा हिशेब. गावात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं आठवणारी माणसं आहेत, तोवर त्यांना झाडाबद्दल विचारून घेतलेलं बरं.