ब्राउझर रुसलाय? बघा, मध्ये कोण बसलंय!

शेवटच्या तारखेला काहीही बिघडू शकतं, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. लाइट जाते, प्रिंटर रुसतो, ओटीपी वाटेतच हरवतो. माझ्या साताऱ्याच्या मामेभावाचा त्या दिवशी ब्राउझर गेला. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, मुदत संध्याकाळी पाचची. दुपारी दोनला मला फोन. "ताई, वायफाय फुल आहे, पण एकही साइट उघडत नाहीये. 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असंच येतंय सगळीकडे."

आदल्या रात्री मामा दुकानातून नवा अँटिव्हायरस घेऊन आले होते. पोरगं पासवर्ड टाकणार, फी भरणार, मग लॅपटॉप सेफ नको का? हेतू एकदम चांगला. आणि सकाळी लॅपटॉप इतका सेफ झाला, की इंटरनेटच आत येईना.

असं तुमच्याकडे झालं तर पहिल्यांदा काय कराल? खरं सांगा. आपल्यातले बरेच जण त्या इशाऱ्याखालचं 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबतात, मग 'प्रोसीड', आणि पुढे जातात. काही साइटवर ही सोय मिळतच नाही, पण जिथे मिळते तिथे बोट आपोआप जातं. माझंही गेलं आहे. पण ज्या पानावर तुम्ही पासवर्ड टाकणार आहात, तिथे हे करू नका. ब्राउझर उगाच घाबरवत नसतो. तो सांगत असतो की तुम्ही आणि ती साइट यांच्यामध्ये कुणीतरी आहे आणि त्याची ओळख पटत नाहीये.

हा मधला माणूस बऱ्याचदा तुमचा अँटिव्हायरसच असतो. आता हे जरा नीट समजून घ्या, कारण गंमत इथेच आहे. साइटच्या पत्त्यात 'एचटीटीपीएस' असतं, म्हणजे तुमचं आणि साइटचं बोलणं सीलबंद पार्सलसारखं जातं. पार्सल बंद असेल तर आत व्हायरस आहे की नाही हे अँटिव्हायरसला कळणार कसं? म्हणून तो सोसायटीच्या वॉचमनसारखा गेटवर पार्सल फोडतो, आत बघतो, पुन्हा टेप लावतो आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारून वर पाठवतो. तो शिक्का म्हणजे सर्टिफिकेट. इन्स्टॉल होताना तो कॉम्प्युटरला सांगून ठेवतो, की माझा शिक्का ओळखीचा समज. हे सांगणं कुठे अर्धवट राहिलं, की ब्राउझर दारातूनच पार्सल परत पाठवतो. सगळेच अँटिव्हायरस असं करतात असं नाही, पण बरेच करतात. सेटिंगमध्ये 'वेब शील्ड' किंवा 'एचटीटीपीएस स्कॅनिंग' अशा नावाने ते सापडतं.

तर आम्ही फोनवर शोध सुरू केला. पहिला प्रश्न मी विचारला, त्याच वायफायवर मोबाइलमध्ये साइट उघडते का? उघडली. म्हणजे राउटर निर्दोष, साइटही निर्दोष. (मग फोनवरूनच भर ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. वहीत काढलेले चाळीस-पन्नास कॉलेज कोड त्या एवढ्याशा स्क्रीनवर क्रमाने लावताना एक जरी वर-खाली झाला, तर चार वर्षं भलत्याच ब्रांचमध्ये. नको म्हणाला, बरोबरच होतं त्याचं.) लॅपटॉपवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये? तिथेही तेच. म्हणजे क्रोमचा किंवा एखाद्या एक्स्टेंशनचा दोष नाही. घड्याळ बघ म्हटलं. हसू नका, लॅपटॉपची तारीख चुकली तरी हाच एरर येतो, कारण सर्टिफिकेटला मुदत असते. तारीख बरोबर होती.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. ते दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी गूगलवर अँटिव्हायरसचा कस्टमर केअर नंबर शोधून परस्पर लावला होता. पलीकडचा माणूस अगदी अदबीने सांगत होता, सर, एक छोटं अ‍ॅप मोबाइलवर घ्या, मला तुमची स्क्रीन दिसेल, मग दहा रुपये रजिस्ट्रेशन चार्ज भरा, दोन मिनिटांत प्रॉब्लेम सॉल्व्ह. मामा अ‍ॅप शोधत होते.

"मामा, फोन ठेवा. आत्ता. काहीही डाउनलोड करू नका."

ठेवला. थोडे चिडलेच माझ्यावर. पण दहा रुपयांसाठी तुम्ही यूपीआय उघडता आणि समोरच्याला तुमची स्क्रीन, पिन, ओटीपी सगळं दिसत असतं. सर्चमध्ये वर येणारा प्रत्येक हेल्पलाइन नंबर कंपनीचाच असेल असं मुळीच नाही. नंबर हवा असेल तर बॉक्सवरचा किंवा सॉफ्टवेअरच्या आत दिलेला घ्या. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३०ला फोन करा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे ती. लवकर कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता वाढते.

आता घड्याळात सव्वातीन. मी भावाला म्हटलं, अ‍ॅड्रेस बारमध्ये पत्त्याच्या डावीकडे क्लिक कर, सर्टिफिकेट उघड आणि 'इश्यूड बाय'समोर काय लिहिलंय ते वाच. त्याने वाचलं. अँटिव्हायरसचंच नाव होतं, पण मामांनी आणलेल्याचं नाही! लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात एक ट्रायल अँटिव्हायरस आधीपासून होता. मुदत संपून वर्ष झालं, कुणी काढला नाही. तो अजून गेटवर बसून पार्सलं फोडत होता, आणि आता नवा वॉचमनही आला होता. दोघांच्या शिक्क्यांच्या भांडणात बिचाऱ्या पार्सलचं भरीत.

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, जुना अँटिव्हायरस, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. बस. (असा सरळ निघाला नाही, तर बऱ्याच कंपन्या स्वतःचं 'रिमूव्हल टूल' देतात, ते त्यांच्याच साइटवरून घ्या.) रीस्टार्ट होईपर्यंत आम्ही तिघेही गप्प. साइट उघडली तेव्हा मामीने देवाला हात जोडलेले मला फोनवरही कळले.

तुमची केस वेगळी असू शकते. सगळं काढूनही काहीच उघडत नसेल, तर विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये 'प्रॉक्सी' बघा. जुनं सॉफ्टवेअर जाताना स्वतःचा पत्ता तिथे मागे सोडून जातं कधीकधी. होम पेज किंवा सर्च इंजिन आपोआप बदललं असेल, तर अँटिव्हायरससोबत आलेलं एक्स्टेंशन तपासा. इनकॉग्निटोमध्ये एक्स्टेंशन सहसा बंद असतात, तिथे सगळं सुरळीत चाललं तर चोर सापडलाच समजा.

या एक्स्टेंशनबद्दल मी जरा जास्तच संशयी आहे, मान्य. पण कारण आहे. अव्हास्ट या नावाजलेल्या अँटिव्हायरस कंपनीने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि २०१५मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं सापडलं. तेही असंच मध्ये बसून शिक्के मारत होतं, आणि सगळ्या लॅपटॉपमध्ये शिक्क्याची किल्ली एकच! एकाला ती मिळाली की सगळ्यांची दारं उघडी.

"मग आता नवाही काढून टाकू का?" मामांनी विचारलं. विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो, दुसरा अँटिव्हायरस काढला की तो स्वतःहून कामाला लागतो, हे मी त्यांना सांगितलं. पण पैसे भरलेत म्हटल्यावर मामा तो काढतील कशाला? राहिला. फक्त त्याचं एक्स्टेंशन बंद केलं.

फॉर्म चार वाजून वीस मिनिटांनी कन्फर्म झाला. भावाला पहिल्याच राउंडला सहावा ऑप्शन लागला, आणि तो अदबशीर माणूस मामांना अजून अधूनमधून फोन करतो. दर वेळी नव्या नंबरवरून.