पावलीची गोष्ट

'सव्वा रुपया' हा शब्द अजून आपल्या तोंडी आहे. देवापुढे सव्वा रुपया, दर्ग्यात नियाजाला सव्वा रुपया. पण आजच्या मुलाला सांगा, 'बाळ, सव्वा रुपया काढून दे.' रुपया तो काढील. वरचा पाव कुठून आणील? तो पाव म्हणजे पावली, आणि पावली ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

मला पावल्या जमवायचा नाद आहे. माझं बालपण शिरूरचं. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. अब्बा शिलाईकाम करायचे. ईदच्या दिवशी ईदी म्हणून हातावर पावली पडली, की बाजारपेठ आपल्याच मालकीची वाटायची. पुढे संसार दौंडला थाटला. तीस वर्षांत या दोन्ही गावांच्या आठवडे बाजारांतून, सराफांच्या मोडीतून आणि लोकांच्या फडताळांतून पावल्या माझ्याकडे येत गेल्या. बिस्किटांचा एक डबा भरला आहे. तो उघडला, की पावणेदोनशे वर्षांचा हिशेब समोर पसरतो.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखासाठी एकसारखी नाणी पाडली. रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे पावली पाव तोळ्याची, आजच्या मापात २.९ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. आधी विल्यम राजा, मग व्हिक्टोरिया राणी. १८७७ पासून तीच राणी नाण्यावर 'एम्प्रेस' झाली. सातव्या एडवर्डच्या पावलीवर मागच्या बाजूला चार आण्यांची किंमत उर्दू लिपीतही आहे. माझे आजोबा इंग्रजी वाचत नसत, पण ती ओळ ते सहज वाचून दाखवत.

१९११च्या नाण्यांची एक वेगळीच हकीकत आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक छोटा हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारने ती नाणी आवरती घेतली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. आज संग्राहक १९११ साल पाहिलं, की भिंग घेऊन आधी तो हत्ती शोधतात.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तिचा तुटवडा पडला. तेव्हा १९१९ ते १९२१ या काळात चार आण्यांचं आठ कोनांचं नाणं निघालं. ते चांदीचं नव्हे, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं. १९४० मध्ये चांदीच्या पावलीतली चांदी निम्म्यावर आली. १९४६-४७ला ती पूर्ण गेली आणि निकेलच्या पावलीवर वाघ आला. १९५०ला राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, मागे धान्याची कणसं आली. घरातल्या चार पावल्या ओळीने मांडल्या, तरी दोन महायुद्धं आणि स्वातंत्र्य एवढं सगळं मुलांना दाखवता येतं.

आता गंमत पाहा. या पावलीची एक चुलत बहीण अमेरिकेत आहे. त्यांच्या डॉलरचा पाव भाग म्हणजे पंचवीस सेंट, त्याला तिकडे 'क्वार्टर' म्हणतात. आमच्या शेजारच्यांचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याने मला क्वार्टरची एक पुडी आणून दिली. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत अमेरिकेने आपल्या पन्नास राज्यांसाठी पन्नास वेगवेगळी क्वार्टर काढली. सुट्ट्या पैशांत ती हाती येत आणि घरोघरी मुलं ती जमवत.

या दोन बहिणींचं नातं नुसतं नावाचं नाही. १९१८ साली आपल्याकडे चांदीची चणचण होती. तेव्हा अमेरिकेने कायदा करून सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानातल्या नाण्यांसाठी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेने साडेबावीस कोटी औंसांच्या आसपास चांदी आपल्याला उसनी दिली. युद्धानंतर ती फेडायची होती. चांदीची नाणी काढून घेऊन निकेलची आणली गेली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. अमेरिकी क्वार्टरमधली चांदीही १९६५पासून गेली. मात्र ते क्वार्टर आजही चालतं. आपली पावली गेली.

ती गेली तरी मान राखून गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा सव्वासहा पैशांचा झाला, त्यामुळे एक-दोन आण्यांच्या हिशेबात लोक गोंधळले. पावली बरोबर पंचवीस पैशांची. तिला काहीच धक्का लागला नाही. नाव बदललं, पण बाजारात ती 'चार आणे'च राहिली. १९८८पासून ती स्टीलची झाली, तिच्यावर गेंडा आला. शेवटच्या पिढीला आठवते ती हीच पावली.

आता जरा गंभीर बोलू. दौंडमधल्या ओळखीच्या एका चहावाल्याला फोन आला : 'तुमच्या गेंडा छापाच्या पावलीला तीन लाख मिळतील, आधी नोंदणीचे एकवीसशे भरा.' त्याने भरले. मग कराचे म्हणून पाच हजार भरले. पैसे गेले, फोन बंद झाला. गेंड्याची पावली अमाप निघाली होती, ती काही दुर्मीळ नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत लोकांना सावध केलं होतं : बँक असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणतंही शुल्क मागत नाही. जो नाणं विकत घेणार आहे, तो आपल्याला पैसे देईल. आपल्याकडे आधी मागणार नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जमवणाऱ्यांसाठी आणखी दोन-चार गोष्टी. जुनं नाणं चिंच किंवा राख लावून घासू नका. काळपटपणा गेला, की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही गेली. माळेसाठी कडी डाकलेली पावली संग्राहक कमी किमतीला घेतो, पण आजीची माळ म्हणून ती मोडू नये, असं माझं मत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पावलीवर सालाखाली पाहा : चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर ती मुंबईच्या टांकसाळीची, चांदणी असेल तर हैदराबादची, काहीच नसेल तर कोलकात्याची. शेत नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना पुरलेली नाणी सापडली, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायलाही कायद्याने बंदी आहे. म्हणून त्या शेजारच्या मुलाने क्वार्टरच्या बदल्यात राणीछाप मागितली, तेव्हा मी त्याला गेंड्याच्याच पावल्या दिल्या. तिकडच्या त्याच्या लेकीने त्या शाळेत नेऊन दाखवल्या.

ते ऐकून मलाही एक सवय लागली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांत कविता वाचायला जातो, तेव्हा खिशात गेंड्याच्या पावल्या असतात. मुलांना एकेक देतो आणि सांगतो, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ही ठेवा आणि विचारा, हिच्यात काय यायचं? पुढच्या खेपेला उत्तरं येतात. कुणाच्या आजीने दोन गारीगार आणलेले असतात. कुणाच्या आजोबांनी तासभर सायकल भाड्याने घेतलेली असते. एका मुलीची पणजी म्हणाली, 'नवऱ्याच्या चोरून पाच पावल्या साठवल्या आणि सव्वा रुपयात पोरीला पाटी-पुस्तक घेतलं.' ती मुलगी हे सांगत होती, तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही.

माझा डबा त्यामुळे रिकामा होत चालला आहे. चांदीच्या थोड्या ठेवल्या आहेत, बाकीच्या वाटायच्याच. तुमच्याही घरी देव्हाऱ्यात, शिवणाच्या डब्यात, जुन्या पाकिटाच्या कप्प्यात एखादी पावली असेल. ती विकून फार काही येणार नाही. नातवंडांच्या हातावर ठेवा, साल वाचायला लावा, आणि सव्वा म्हणजे किती ते एकदा मोजून दाखवा.