एका किलोमीटरचे 460 रुपये

पहाटे 1.50
डोंबिवली पूर्व. चाळीतल्या एकाच खोलीत दिवा आहे. मावशी गॅसपाशी उभ्या आहेत. सात घरच्या पोळ्या त्या करतात आणि सातही घरांत त्यांना मावशीच म्हणतात. आज जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉनचा. पण आधी मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, जेवण. दुधी आणि एक बटाटा रात्रीच बारीक चिरून पाण्यात घातलाय. ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात फोडी उकळायच्या, तेही पाणी ओतायचं आणि मग फोडणी. असं केलं की भाजीतलं पोटॅशियम कमी होतं. मीठ चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच.

मालक टेम्पो चालवायचे. दोन्ही किडन्या गेल्या, पाठोपाठ टेम्पोही गेला. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. शनिवार ते मंगळवार हा मधला काळ सगळ्यात लांब, अंगात जास्त पाणी साठतं तेही तेव्हाच. ओट्यावर एक लिटरची बाटली भरून ठेवलीय. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या मापात बसवायचं. अकरावीतल्या मुलाला मावशी हलवून उठवतात. "पप्पांनी चहा घेतला की बाटलीतलं तेवढं कमी कर. विसरू नको."

3.10
मॅरेथॉनसाठी सोडलेली खास लोकल कल्याणहून येते. डब्यात सगळे बूटवाले. मावशींचे बूट 2,799 रुपयांचे, सेलमधले, दोन हप्त्यांत फेडलेले. नाव नोंदवायची फी एका घरच्या ताईंनी भरली. त्या स्वतः धावतात. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर पहाटे मावशींना पळायला त्यांनीच नेलं.

पिशवीतून दोनशे पानी वही निघते. तेवीस नावं, प्रत्येकापुढे दर. चौदा जण किलोमीटरला 10 रुपये देणार, सहा जण 20, दोघं 50 आणि एक घर 100. बेरीज 460. पोळीचं एक घर रोजच्या दहा पोळ्यांचे महिन्याला 1,500 देतं, म्हणजे पोळी पाच रुपयांना पडते. "एका किलोमीटरला ब्याण्णव पोळ्या," मावशी म्हणतात. हिशेब त्यांनी आधीच करून ठेवलाय.

हे सुचलं कसं, ते विचारलं. मोबाइलवर बारामतीच्या लता करे यांची गोष्ट पाहिली होती. साठी उलटलेल्या लताबाई 2013 साली नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या उपचारांसाठी, आणि 5,000 रुपयांचं बक्षीस जिंकल्या. "मी काय पहिली यायची नाही," मावशी म्हणतात. "म्हणून म्हटलं, किलोमीटरवर घ्यावं."

या मॅरेथॉनमधून दरवर्षी कोट्यवधी रुपये जमतात. ते नोंदणी केलेल्या संस्थांकडे जातात, आणि त्या संस्थांची कामं मोठी आहेत. एका खोलीतल्या एका माणसासाठी मात्र वही लागते.

4.40
सीएसएमटी. अंधार, थंडी नावापुरती. मावशी पंजाबी ड्रेसवर बिल्ला लावतात, त्याच्या चार टाचण्या दोनदा तपासतात. ओढणी माझ्याकडे. कमरेच्या पाऊचमध्ये मीठ-साखरेची पुडी, चिक्की, वीस रुपये, रेल्वेचा पास.

5.15 नंतर
गर्दी पुढे सरकते. त्यातला मावशींचा निळा ड्रेस थोडा वेळ दिसतो, मग दिसत नाही. मी चर्चगेटहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतो आणि चालत पेडर रोड गाठतो.

6.30
जाताना त्या इथून गेल्या. पावलं लहान, हात पोटाजवळ. बोलल्या नाहीत. फक्त बोटं दाखवली, आठ. म्हणजे 3,680 रुपये झाले.

8.00
त्या आता वरळीच्या पुढे, सी लिंकच्या बाजूला असतील. परदेशी धावपटू मागून सुटलेले असतात, ते थोड्या वेळात अशा धावणाऱ्यांना मागे टाकून जातील. इकडे फुटपाथवर माणसं बिस्किटं, संत्र्याच्या फोडी, चिक्की घेऊन उभी आहेत. कुणी सांगितलेलं नसतं, दरवर्षी येतात. एक आजी स्टीलच्या डब्यातून गुळाचे खडे वाटतायत.

10.15
ऊन चढलंय. परतीचा पेडर रोड. पस्तीस-छत्तीस किलोमीटर पायांखालून गेल्यावर हा चढ येतो. भलेभले इथे चालायला लागतात, मावशीही चालतायत. उजवा गुडघा दुखतोय, ते पाय टाकण्यावरून कळतं. चेहऱ्यावर मिठाची पांढरी रेघ आलीय. मी फुटपाथवरून बरोबर चालत राहतो.

"चाललं तरी किलोमीटर भरतो," त्या म्हणतात.

शेजारून जाणारा एक मुलगा त्यांचा गुडघा बघतो. खिशातून वेदनाशामक गोळी काढून पुढे करतो. मनानं चांगला मुलगा. मावशी हात जोडतात. "नको बाळा. मला किडनी द्यायचीय."

तो थबकतो. त्याला कळलेलं नाही, आणि सांगायला मावशींकडे दम नाही. मी सांगतो. अशा बऱ्याच गोळ्या किडनीला बाधतात, अंगातलं पाणी कमी झालेलं असलं तर जास्तच. मावशींचा आणि मालकांचा रक्तगट एकच, बी पॉझिटिव्ह. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जोडीदार हा जवळचा नातेवाईक धरलाय, त्यामुळे त्या देऊ शकतात. पण आधी दोघांच्या पेशी जुळतात का ते बघायचं. मावशींच्या किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढायचा. त्यांची साखर, रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन, सगळं पाहायचं. डायलिसिस सरकारी योजनेत बसतं. रक्त वाढायची इंजेक्शनं बाहेरून आणावी लागतात, रिक्षाचे जाऊन-येऊन दर खेपेला 160 होतात, आणि या तपासण्यांतल्या निम्म्या स्वतःच्या खिशातून करायच्या आहेत. आजचे पैसे त्या तपासण्यांचे. किडनी जुळते की नाही, एवढंच त्यातून कळणार.

लोक ह्याला मदत म्हणतात. मला ती मजुरी वाटते, आणि मावशींनाही. शंभर रुपये दरवाल्या घरानं आधी सरळ पाच हजारांचं पाकीट पुढे केलं होतं. मावशींनी ते घेतलं नाही. तीस किलोमीटरला बसले तर तीसचेच द्या, म्हणाल्या.

पुढच्या मदतीच्या टेबलापाशी गुडघ्यावर गार स्प्रे मारून घेतात. पाणी घोट घोट, पुडी टाकून. वाटेत कुणी केळं देतं, ते अर्धं खातात. घरी केळं येत नाही आता. मालकांना चालत नाही, मग कुणासाठीच आणत नाहीत.

11.08
शेवट. 42.195 किलोमीटर. पदक गळ्यात पडतं. मावशी मोबाइल मागून घेतात आणि आधी घरी फोन लावतात. "बाटली किती राहिली?" निम्म्याच्या वर आहे. मग रस्त्याकडेला बसून बूट काढतात. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय.

दुपारी 2.00
डोंबिवली. स्टेशनचा जिना आडव्या पावलांनी, कठडा धरून उतरतात. रिक्षा 40 मागते, शेअरमध्ये 15. शेअरनं जातात.

मालक वजनकाट्यावर उभे राहून दाखवतात. काल डायलिसिसनंतर 54 होतं, आता 54.8. ठीक आहे. पदक ते हातात घेऊन तोलतात. "जड आहे गं," म्हणतात. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, सुया टोचण्याची जागा. त्या हातानं ओझं उचलायचं नसतं, म्हणून पदक लगेच उजव्या हातात. मावशी वरण-भात खातात आणि झोपतात.

5.30
एका घरी पाहुणे आहेत, पंचवीस पोळ्या. आज सुट्टी मावशी मागू शकल्या असत्या. "पाय दुखतात, हात नाही," म्हणतात आणि कणीक तिंबायला घेतात. बारा मिनिटं तशाच उभ्या, उजवा पाय जरा वर धरून. तवा तापतो. पोळी फुगते, उलटते, डब्यात जाते. लाटताना मात्र त्या ओट्याला टेकतात, एरवी टेकत नाहीत.

7.00
वसुली. 20 रुपये दराचे एक काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागदावर गुणाकार मांडून ठेवलाय. 42.195 गुणिले 20, म्हणजे 843 रुपये 90 पैसे. शेवटचे 195 मीटरही धावलात, ते का सोडायचे, असं त्यांचं म्हणणं. 844 देतात. मावशी वहीत 844 लिहून घेतात. बाकी सगळ्यांचे 42 प्रमाणे.

9.20
मुलगा बेरीज करतो. आज हातात 8,824. बाकी 10,500, त्यात शंभरवाल्या घराचे 4,200, ते गावाला गेलेत. सगळे मिळून 19,324 होतील. लॅबनं दोघांच्या तपासण्यांचे मिळून 27,000 सांगितलेत. थोडे आधी भरले तर पेशींची तपासणी या आठवड्यात होईल, सीटी पुढच्या महिन्यात.

"पेशीची आधी," मालक म्हणतात. "जुळलंच नाही, तर सीटीचे वाचतील."

मावशी वहीच्या मागच्या पानावर बुधवार लिहितात. मंगळवार डायलिसिसचा. बुधवारी सकाळी रक्त द्यायचं तर पहिल्या दोन घरांना उशीर होणार. त्या घरांना आत्ताच कळवायला हवं. मुलगा मेसेज टाइप करतो आणि मावशी सांगतात काय लिहायचं: बुधवारी पोळ्या सातऐवजी नऊ वाजता, चालेल ना.